वचन आणि पाणी : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

23 जानेवारी 2025

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 18, 19 आणि 21 जानेवारीला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. माझी भाची त्यांपैकी एका कार्यक्रमाला गेली होती. घरी आल्यावर तिने गाण्यांविषयी नव्हे, तर मनगटावरच्या दिव्याच्या पट्ट्याविषयी आधी सांगितले. तो पट्टा वनस्पतिजन्य पदार्थापासून बनवलेला असतो, कार्यक्रमानंतर तो परत करायचा असतो, आणि कोणत्या शहराने किती टक्के पट्टे परत केले हे मोठ्या पडद्यावर दाखवले जाते, असे ती मोठ्या अभिमानाने सांगत होती. तिचा आनंद खरा होता आणि मला तो मोडायचा नव्हता. मात्र मला त्याच बँडने दोन दशकांपूर्वी कर्नाटकात लावायला दिलेले आंबे आठवले, आणि ती गोष्ट मी तिला सांगितली. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मावशी, मग त्या झाडांना पाणी कोण घालणार होते?"

हाच प्रश्न घेऊन मी आज ग्रंथालयाच्या वाचक मंडळात गेले. नामवंत व्यक्तींनी पर्यावरणासाठी दिलेली वचने आणि त्या वचनांचे पुढे काय झाले, याचे एक छोटे प्रदर्शन 5 जूनला ग्रंथालयाच्या सभागृहात मांडावे, असे आम्ही पाच जणांनी ठरवले. प्रत्येक फलकावर वचन काय दिले गेले हे असेलच. त्याशिवाय रोजचे काम कोणी केले आणि मोजणी कधी झाली, ही माहिती असल्याशिवाय तो फलक लावायचा नाही, हा नियम आजच लिहून ठेवला.

2 फेब्रुवारी

पहिला फलक गुडीबंडेचा. यावर सर्वांत अधिक वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

2002 साली कोल्डप्लेचा दुसरा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या निर्मितीतून आणि वितरणातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई म्हणून कर्नाटकात आंब्याची 10,000 झाडे लावली जातील, असे जाहीर झाले. व्यवस्था फ्यूचर फॉरेस्ट्स या ब्रिटिश कंपनीकडे होती, जिचे नाव पुढे कार्बन न्यूट्रल कंपनी असे झाले. चाहत्यांनाही 17.50 पौंड भरून आपल्या नावे एक रोप अर्पण करता येत असे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळत असे. रोपे गुडीबंडे भागातील गरीब शेतकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, एका स्थानिक संस्थेमार्फत वाटायची होती.

भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, त्यामुळे नकाशा उघडल्यावर मला पहिली शंका तिथेच आली. गुडीबंडे आज चिक्कबल्लापूर जिल्ह्यात आहे आणि त्या काळी ते कोलार जिल्ह्यात होते. बारमाही नदी नसलेला, तळी आणि विहिरी यांवर जगणारा, वारंवार दुष्काळ सोसणारा हा प्रदेश आहे. आंब्याचे झाड एकदा मुळे खोल गेली की कोरडे हवामान सोसते, परंतु पहिले दोन-तीन उन्हाळे त्याच्या आळ्यात नियमित पाणी पडावेच लागते. पावसाचे चार महिने सोडले, तर उरलेल्या आठ महिन्यांची तरतूद नसलेली लागवड ही लागवड म्हणता येत नाही.

2006 साली संडे टेलिग्राफ या ब्रिटिश वृत्तपत्राचा बातमीदार तिथे पोहोचला, तेव्हा रोपांपैकी बरीचशी मेलेली होती. स्थानिक संस्थेचाच अंदाज सुमारे 40 टक्क्यांचा होता. रोपे मिळाली, पण पाण्यासाठी, औषधांसाठी आणि मजुरीसाठी पैसे मिळाले नाहीत, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. संस्था कंपनीकडे बोट दाखवत होती आणि कंपनी संस्थेकडे. एका शेतकरी बाईला 150 रोपे मिळाली होती आणि त्यांतली 50 जगली होती, कारण तिच्या शेतात विहीर होती.

ही विहीर मला फलकाच्या मध्यभागी हवी आहे. चित्रकार सहकाऱ्याने कच्च्या आराखड्यात गिटार मध्यभागी काढले होते आणि विहीर कोपऱ्यात; मी त्यांना दोघांच्या जागा बदलायला सांगितल्या. बँडने हे सद्हेतूने केले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. लंडनमधून वचन निघाले, कंपनीने त्याचा करार केला, संस्थेने रोपे वाटली, आणि या साखळीतील प्रत्येकाला आपले काम झाले असे वाटत असतानाच शेवटच्या टोकाला एका बाईच्या डोक्यावर घागर राहिली. त्या घागरीचा खर्च कोणाच्याच हिशेबात नव्हता.

9 फेब्रुवारी

झाड लावले की उत्सर्जनाची भरपाई कशी होते, हे लेखापाल सहकाऱ्यांना पटत नव्हते, आणि त्यांचा आग्रह होता की आपल्याला नीट कळल्याशिवाय आपण ते लोकांना सांगू नये. ते बरोबर होते.

दुपारभर बसून आम्ही ते उधारीच्या भाषेत मांडले. विमान उडाले की त्याचा कार्बन त्याच दिवशी हवेत जातो. झाड मात्र तो कार्बन वर्षाला थोडा थोडा असा कित्येक दशके लाकडात साठवत राहते. म्हणजे उचल आज रोखीने होते आणि परतफेड तीस-चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी. रोप तिसऱ्या उन्हाळ्यात वाळले तर हप्ते थांबतात, आणि झाड पुढे तोडले किंवा जळाले तर भरलेले हप्तेही परत जातात. लेखापाल म्हणाले की कोणतीही पतसंस्था अशा कर्जाला जामीनदार मागेल. हे वाक्य जसेच्या तसे फलकावर घ्यायचे ठरले.

23 फेब्रुवारी

विमानांचा फलक. मंडळात यावरून खरी चर्चा झाली.

2019 च्या उन्हाळ्यात इटलीतील सिसिली बेटावर गूगलने भरवलेल्या एका निमंत्रितांच्या मेळाव्यात हवामानबदल हा मुख्य विषय होता, आणि तिथल्या वृत्तपत्रांनी पाहुण्यांसाठी 114 खाजगी विमाने अपेक्षित असल्याचे छापले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अभिनेत्री एमा थॉम्पसन लॉस एंजेलिसहून विमानाने लंडनला येऊन हवामान आंदोलनात सहभागी झाल्या आणि त्यांच्यावर मोठी टीका झाली. चित्रकारांनी 114 विमाने चिमण्यांसारखी तारेवर ओळीने बसलेली काढली. चित्र इतके गमतीचे होते की आम्ही सगळेच पोट धरून हसलो, आणि ग्रंथपाल बाईंनी ते प्रवेशद्वारापाशी मोठे करून लावू या असे सुचवले.

मी त्याला विरोध केला, आणि तो का केला हे इथे नोंदवते. बोलणाऱ्याचे विमान कोणते आहे यावरून त्याच्या बोलण्याची सत्यता ठरत नाही. हिमनद्या वितळत आहेत हे वाक्य पायी आलेल्याने म्हटले काय किंवा खाजगी विमानाने आलेल्याने म्हटले काय, ते खरेच आहे. प्रेक्षक दारातच हसला, तर हे सगळे ढोंग आहे असे म्हणून तो तिथूनच परत फिरेल आणि विहिरीपर्यंत येणारच नाही, याची मला भीती वाटते. दुसऱ्या बाजूने, ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट या युरोपीय संस्थेच्या 2021 च्या अहवालानुसार खाजगी विमान दर प्रवाशामागे नेहमीच्या प्रवासी विमानाच्या 5 ते 14 पट प्रदूषण करते, त्यामुळे हा मुद्दा वगळणेही अप्रामाणिक झाले असते. चित्र ठेवायचे, परंतु ते पाचव्या फलकावर आणि लहान आकारात, असे ठरले.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट यांच्या खाजगी विमानाच्या उड्डाणांची 2022 मधील गाजलेली आकडेवारी मात्र आम्ही वगळली. त्यांनी आपण पर्यावरणाच्या कार्यकर्त्या आहोत असे सांगत वचन दिले नव्हते. आमचा विषय वचनाचा आहे, श्रीमंतीचा नाही.

9 मार्च

महाराष्ट्राचा फलक. लेखापाल मूळचे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे आहेत, त्यामुळे आज त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहून घेतले.

आमिर खान आणि किरण राव यांच्या पुढाकाराने 2016 साली पानी फाउंडेशन सुरू झाले. श्रमदानाने पाणी अडवण्या-मुरवण्याच्या, गावागावांमधल्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव, अंबाजोगाई आणि वरुड हे तीन तालुके होते, आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने 50 लाख रुपयांचे पहिले बक्षीस मिळवले. स्पर्धा साधारण 45 दिवसांची, तीही ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. लेखापालांनी त्या वर्षी रजा काढून गावी श्रमदान केले होते. नट येतात त्या दिवशी चरावर गर्दी होते, पण दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळ घेऊन येणारी माणसे तीच असतात, असे ते म्हणाले. त्यांच्या मते प्रसिद्धीचा खरा उपयोग वेगळाच झाला. एकमेकांशी वर्षानुवर्षे न बोलणारी दोन घरे एकाच चरावर आली, कारण गावाची नामुष्की टीव्हीवर दिसू नये असे दोघांनाही वाटत होते.

माझी शंका मी मांडली. चर खणले, बांध घातले, पाणी मुरले, हे सर्व 45 दिवसांत मोजता येते. मुरलेले पाणी पुढच्या वर्षी उसाला गेले की ज्वारीला, हे त्या 45 दिवसांत मोजता येत नाही. यावर लेखापालांनी दाखवून दिले की ही उणीव संस्थेच्याही लक्षात आली असावी, कारण वॉटर कपनंतर 2020 मध्ये आलेली समृद्ध गाव स्पर्धा 18 महिन्यांची होती आणि तिच्यात पाण्याच्या ताळेबंदाला जागा होती. दीड महिन्यावरून दीड वर्षावर जाणे हा माझ्या दृष्टीने या फलकावरचा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे, आणि तो आम्ही आमिर खान यांच्या छायाचित्रापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिणार आहोत.

याच फलकावर वर्सोव्याचा किनारा येईल. अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर 2015 मध्ये तिथे कचरा उचलायला सुरुवात केली आणि दर शनिवार-रविवारी ते काम चालू ठेवले; 2016 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा सन्मान मिळाला. चित्रपट कलावंत तिथे नंतर आले. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई या वृक्षलागवडीच्या उपक्रमाचे बीडजवळचे पालवणही येईल, जिथे फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले गेले. संमेलनाध्यक्षाने भाषण केले नाही, हे कळल्यावर ग्रंथपाल बाईंना फार समाधान वाटले.

16 मार्च

फलक फ्लेक्सवर छापायचे नाहीत. मांजरपाटाच्या कापडावर हाताने रंगवायचे. वेळ जास्त लागेल, पैसे कमी.

23 मार्च

आज आम्ही टेकडीवर गेलो.

जुलै 2023 मध्ये आमच्या भागातील टेकडीवर दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय अभिनेत्याच्या हस्ते वृक्षारोपण झाले होते. मीही गेले होते, फोटो काढले होते आणि परतताना मनापासून आनंदी होते. त्यानंतर मी एकदाही वर गेले नाही. प्रदर्शनात दुसऱ्यांच्या वचनांची मोजणी मांडायची असेल, तर आधी ही मोजणी व्हायला हवी, असे मला वाटले.

नावांची संगमरवरी पाटी शाबूत आहे. पाटीच्या खालच्या उतारावर आम्हाला 40 खड्डे ओळखता आले. त्यांपैकी 11 खड्ड्यांत रोप जिवंत आहे. उरलेल्या जागेचा बराचसा भाग काळा पडलेला आहे, कारण उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला वणवा लागतो आणि लागवडीभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढलेली नव्हती. 11 पैकी 9 रोपे एकाच बाजूला आहेत. तिथे खाली पाण्याच्या टाकीचा पंप आहे आणि त्यावरचे राखणदार काका त्यांचा पाइप जेवढा पोहोचतो तेवढ्या रोपांना दर दोन दिवसांनी पाणी घालतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही. "डोळ्यांदेखत वाळताना बघवत नाही," एवढेच ते म्हणाले. पाइपच्या टप्प्याबाहेर जगलेली दोन रोपे करंजाची आहेत.

गुडीबंडेची विहीर आणि आमच्या टेकडीवरचा पाइप, यांत मला काहीच फरक दिसला नाही. उतरताना बराच वेळ कोणी बोलले नाही. मोजणीचा कागद सहाव्या फलकावर लावायचा, अभिनेत्याचे नाव लिहायचे नाही, कारण पाणी घालण्याचे वचन त्याने दिलेच नव्हते आणि आम्ही कोणी ते मागितलेही नव्हते.

13 एप्रिल

सातवा फलक पुन्हा कर्नाटकचा आणि माझ्या सर्वांत आवडीचा.

सालुमरद तिम्मक्का यांनी पती चिक्कय्या यांच्यासह हुलिकल ते कुदूर या सुमारे साडेचार किलोमीटरच्या रस्त्याच्या कडेने 385 वड लावले. दोघे मोलमजुरी करणारे. रोपे पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची, जनावरांपासून वाचवण्यासाठी काट्यांचे कुंपण घालायचे आणि कोरड्या दिवसांत घागरींनी पाणी वाहून न्यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. 'सालुमरद' म्हणजे झाडांची रांग. ते त्यांचे आडनाव नव्हे, लोकांनी दिलेली पदवी आहे. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिम्मक्का यांची झाडे आधी मोठी झाली आणि नाव नंतर. आमच्या इतर बहुतेक फलकांवर हा क्रम उलटा आहे. प्रसिद्ध माणसाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्याच्याकडे प्रसिद्धी आधीच आहे त्याने ती चांगल्या कामासाठी वापरावी, हे योग्यच आहे. पण तिम्मक्कांच्या वडांखालून जाणाऱ्या माणसाला ही झाडे खरोखर आहेत का, असा प्रश्न पडत नाही, आणि गुडीबंडेच्या आंब्यांविषयी तो पडायला चार वर्षे आणि एक परदेशी बातमीदार लागला, ही तफावत मला अस्वस्थ करते.

27 एप्रिल

आठवा फलक : कोल्डप्ले, पुन्हा. भाचीने याचा मजकूर स्वतः लिहायला घेतला आणि तो तिने चांगला लिहिला.

2019 मध्ये या बँडने पर्यावरणाला पेलेल असा दौरा करता येईपर्यंत दौरे थांबवत असल्याचे जाहीर केले. 2021 मध्ये त्यांनी नव्या दौऱ्याचे थेट उत्सर्जन 2016-17 च्या दौऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर आणण्याचे आणि प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावण्याचे वचन दिले. जून 2024 मध्ये त्यांनी 59 टक्के घट झाल्याचे प्रसिद्ध केले आणि ते आकडे अमेरिकेतील एमआयटीच्या अभ्यासकांनी तपासले. तिकिटांमागची 70 लाख झाडे लावून झाल्याचेही सांगितले गेले.

मी तिला दोन गोष्टी जोडायला सांगितल्या. पहिली ही की 59 टक्क्यांचा हिशेब मंचाची निर्मिती, मालवाहतूक आणि बँड व सहकाऱ्यांचा प्रवास यांचा आहे. पुण्याहून, सुरतहून, बंगळूरहून नेरूळला आलेल्या हजारो श्रोत्यांचा प्रवास त्यात नाही. दुसरी ही की 70 लाख हा लावलेल्या झाडांचा आकडा आहे. तिने पहिली गोष्ट लगेच मान्य केली. दुसरीवर ती म्हणाली, "पण मावशी, 2002 मध्ये यांनी काहीच मोजले नव्हते, आता निदान मोजून छापतात तरी, हे लिहायचे नाही का?" लिहायचे. तिचे हे म्हणणे न्यायाचे आहे आणि या फलकाचे शेवटचे वाक्य तेच आहे. त्याच्या खाली एक चौकोन रिकामा ठेवला आहे : 'यांतील जगलेली झाडे'.

27 मे

मोसमी पाऊस काल मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडाभर आधी. सभागृहाच्या खिडकीतून ओल आत आली आणि पाचव्या फलकावरच्या अर्ध्याहून अधिक विमानांचा रंग पसरला. चित्रकारांनी ती पुन्हा काढणार नाही असे सांगितले. उरलेल्या विमानांखाली मूळ आकडा लिहिला आहे.

5 जून

प्रदर्शन उघडले. उद्घाटनाला एखाद्या कलावंताला बोलवावे म्हणजे गर्दी होईल, असा प्रस्ताव गेल्या आठवड्यात आला होता. मी नको म्हणाले नाही. फक्त तो कलावंत पुढच्या मार्चमध्ये मोजणीला येईल का, असे विचारावे, असे सुचवले. विचारायला कोणी तयार झाले नाही. फीत पंपावरच्या राखणदार काकांनी कापली. ते संकोचले होते, आणि सहाव्या फलकापाशी आपला पाइप चित्रात पाहून हसले.

दुपारी सातवीतील एक मुलगा सगळे फलक वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मग मोठ्या लोकांनी झाडे लावूच नयेत का?" मी त्याला सांगितले की जरूर लावावीत, पण लावताना पुढच्या वर्षीची तारीख पाटीवर लिहावी आणि त्या तारखेला परत यावे. त्याने विचारले की नाही आले तर. माझ्याकडे उत्तर नव्हते. तोच म्हणाला की मग ज्यांना तारीख माहीत आहे त्यांनी जावे.

22 जून

टेकडीवरच्या 29 रिकाम्या खड्ड्यांपैकी 12 आम्ही आज भरले. सगळे भरण्याचा उत्साह होता, परंतु काकांचा पाइप आणि आमच्यापैकी चार जणांच्या आळीपाळीच्या फेऱ्या मिळून तेवढ्याच रोपांना आठ महिने पाणी देता येईल, असा लेखापालांचा हिशेब आहे. रोपे करंज, कांचन आणि आपटा यांची आहेत. जाळरेषा दिवाळीनंतर गवत वाळू लागताच काढायची आहे; त्यासाठी विळे आणि माणसे यांची यादी ग्रंथपाल बाईंकडे आहे. ऑक्टोबरपासून पाण्याच्या पाळ्या अशा : सोमवार आणि गुरुवार काका, मंगळवार चित्रकार, शनिवार लेखापाल, रविवार मी आणि भाची. संगमरवरी पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तैलरंगाने मोजणीची तारीख लिहिली आहे : रविवार, 1 मार्च 2026, सकाळी 7.